शुद्धलेखन तपासणारे यंत्र आणि त्यातून निसटणाऱ्या चुका

कोलकाता शहराच्या उत्तर अंगास डमडम नावाचे उपनगर आहे. तेथील विमानतळास १९९५ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. तत्पूर्वी तो डमडमचा विमानतळ म्हणूनच सर्वांस ठाऊक होता. हे स्थलनाम इंग्रजीत लिहिताना ‘डम’ हा शब्द दोनदा, मध्ये मोकळी जागा सोडून, लिहिण्याचा प्रघात आहे. आता अशी कल्पना करू या, की डमडम येथे राहणारा एक विद्यार्थी आपल्या शाळेच्या प्रमुखास इंग्रजीत अर्ज लिहीत आहे. अर्ज तो संगणकावर टंकित करतो. संगणकातील लेखन-आज्ञावलीस शुद्धलेखन तपासण्याची सोय जोडलेली आहे. विद्यार्थी आपला पत्ता लिहितो आणि तत्काळ ‘डम डम’ या अक्षरांखाली तांबडी नागमोडी रेघ उमटते. यंत्राची तक्रार दुहेरी असते. एक तर ‘डम’ हा शब्द त्याच्या सूचीत नाही. त्याऐवजी ‘मुका’, ‘ढोल’ अथवा ‘मंद’ अशा अर्थांचे, एका अक्षराने वेगळे असलेले इंग्रजी शब्द ते सुचविते. दुसरे असे, की तोच शब्द लागोपाठ दोनदा आल्यामुळे लिहिणाऱ्याचा हात चुकला असावा, असा त्यास संशय येतो.

त्याच अर्जाच्या मथळ्यावर मात्र विद्यार्थ्याने खरी चूक केलेली आहे. शाळेचा प्रमुख या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ आणि तत्त्व या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ हे दोन शब्द इंग्रजीत उच्चाराने एकच, परंतु लेखनाने निराळे आहेत. विद्यार्थ्याने पहिल्याऐवजी दुसरा लिहिला. त्यायोगे अर्ज मुख्याध्यापकांऐवजी एका अमूर्त तत्त्वास उद्देशून लिहिला गेला. तेथे यंत्र स्वस्थ राहते. रेघ नाही, सूचना नाही. जे गाव खरोखर नकाशावर आहे ते चुकीचे ठरले आणि जी चूक खरोखर घडली ती शुद्ध ठरली! असे का व्हावे?

याचे उत्तर समजण्यासाठी हे यंत्र कोणता प्रश्न विचारते ते प्रथम पाहिले पाहिजे. आपण समजतो की ते ‘हा शब्द येथे बरोबर आहे काय?’ असे विचारीत असेल. मूळच्या आज्ञावली असे मुळीच विचारीत नाहीत. त्यांचा प्रश्न अगदी साधा आहे: ‘ही अक्षरे याच क्रमाने माझ्या सूचीत कोठे आहेत काय?’ असतील तर शब्द शुद्ध, नसतील तर अशुद्ध. दरवाजावर उभा असलेला पहारेकरी निमंत्रितांची यादी हाती धरून प्रत्येकाचे नाव पाहतो. आलेला मनुष्य कोणत्या आसनावर जाऊन बसतो, हे पाहणे त्याचे काम नसते. आपल्या यंत्राची गोष्ट तद्वतच आहे.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत लेस अर्नेस्ट यांनी १९६१ च्या सुमारास हस्ताक्षर वाचणारी एक आज्ञावली तयार केली; वाचलेला शब्द संभवनीय आहे की नाही हे ताडून पाहण्यासाठी तिच्या पोटात सुमारे १०,००० इंग्रजी शब्दांची सूची ठेवली होती. पुढे १९७१ साली स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन यांनी सर्वसाधारण उपयोगासाठी शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली लिहिली. यांच्या दरम्यान, १९६४ मध्ये, आयबीएम या संगणक-कंपनीतील फ्रेड डॅमेरो यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. त्यांनी तपासलेल्या चुकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या होत्या: एखादे अक्षर गळणे, एखादे जादा पडणे, एकाच्या जागी दुसरे येणे, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. आजही यंत्र जेव्हा चुकलेल्या शब्दाऐवजी दुसरा सुचविते, तेव्हा बहुधा या चार वाटांनीच ते सूचीतील जवळचा शब्द शोधीत असते.

परंतु या चारही वाटा उलट दिशेनेही चालता येतात, हे ध्यानी घ्यावे. ज्या वाटेने अशुद्ध शब्दावरून शुद्ध शब्दाकडे जाता येते, त्याच वाटेने एका शुद्ध शब्दावरून दुसऱ्या शुद्ध शब्दावरही जाता येते. ‘तळ्यात कमळ उमलले’ या वाक्यातील ‘म’ गळाला, तर तळ्यात ‘कळ’ उमलते. ‘शेताला खत घातले’ यात एक टिंब अधिक पडले, तर शेताला ‘खंत’ मिळते. ‘मला रजा हवी’ यातील पहिल्या दोन अक्षरांनी जागा बदलल्या की ‘मला जरा हवी’ असे वाक्य होते, आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य असा अर्थ घेतला तर ते व्याकरणदृष्ट्याही निर्दोष ठरते! ‘मुलाचा ताप उतरला’ याचे ‘मुलाचा बाप उतरला’ व्हावयास एक अक्षर पुरे. कळ, खंत, जरा, बाप हे सर्व सूचीत नाव असलेले प्रतिष्ठित पाहुणे आहेत. पहारेकरी त्यांना का अडवील?

येथे कोणी म्हणेल, की सूची वाढवीत नेली म्हणजे दोष कमी होईल. डमडमसारखी गावे तिच्यात घाला, माणसांची आडनावे घाला, शास्त्रांतील परिभाषा घाला. असे केल्याने निरपराध शब्दांचा छळ कमी होतो हे खरे. परंतु दुसरा दोष वाढतो. सूची जितकी मोठी, तितकी एखादी चूक योगायोगाने दुसऱ्या शब्दासारखी दिसण्याची शक्यता अधिक. जेम्स पीटरसन यांनी १९८६ साली इंग्रजी शब्दांविषयी हे गणित करून दाखविले. लहान सूचीत टंकनाच्या एकेरी चुकांपैकी सुमारे २ टक्के चुका निसटतात. सूची ५०,००० शब्दांची झाली की सुमारे १० टक्के. आणि ३,५०,००० शब्दांची झाली की जवळजवळ १६ टक्के. म्हणजे सहांपैकी एक! मराठीत हा अनुभव घेण्यास मोठे गणित नको. ‘पाणि’ म्हणजे हात हा संस्कृत शब्द सूचीत नसेल, तर ‘पाणि’ असे लिहिणाऱ्यास यंत्र ताबडतोब हटकील. कोशकाराने विद्वत्तेच्या उत्साहाने तो सूचीत घातला, की नळाला ‘पाणि’ आले तरी यंत्रास त्यात काही वावगे दिसणार नाही.

पीटरसन यांच्या गणितावरून सूची लहानच ठेवावी असे अनुमान काहींनी काढले. ते पूर्णतः ग्राह्य नाही. १९८९ मध्ये डॅमेरो आणि एरिक मेज यांनी प्रत्यक्ष लिखाणाच्या प्रचंड साठ्यावर प्रयोग केला. शब्द वापराच्या वारंवारतेनुसार लावून त्यांनी सूची ५०,००० वरून ६०,००० पर्यंत वाढविली. तेव्हा १,३४८ योग्य शब्दांवरील खोटा आरोप टळला, आणि त्याच्या मोबदल्यात केवळ २३ चुका अधिक निसटल्या. अर्थात किती शब्द घातले यापेक्षा कोणते घातले, हे महत्त्वाचे. प्रस्तुत लेखकाच्या मते कोणत्याही शाळेने ‘पाणि’ सूचीतून काढावा आणि ‘दमदम’ घालावा. ज्यांना पाणिग्रहणावर लिहावयाचे आहे त्यांनी लाल रेघ सोसावी.

आता ‘दमदम’ हा शब्द आलाच आहे, तर थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. कारण ते फारसे विषयांतर नाही. बंगाली लोक या गावास डमडम म्हणत नाहीत. बंगालीत ते ‘दमदम’ आहे. तोफा चढविण्यासाठी रचलेल्या मातीच्या उंचवट्यास फारसीत ‘दमदमा’ म्हणतात व त्यावरून हे नाव पडले असावे, असे मानले जाते. इंग्रजांनी ते आपल्या लिपीत लिहिले. त्या लिपीत ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच अक्षर. तेथे दोन्हींतील भेद लोपला, आणि इंग्रजीवरून मराठीत परत येताना ‘द’ चा ‘ड’ झाला. पुढे डमडमच्या शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात शरीरात शिरताच फुलणारी बंदुकीची गोळी तयार झाली; १८९९ च्या हेग येथील परिषदेने अशा गोळ्यांच्या वापरावर बंदी घातली. जोडून लिहिलेला ‘डमडम’ शब्द इंग्रजी कोशांत शिरला तो त्या गोळीमुळे. गावाचे नाव म्हणून नव्हे. म्हणून विद्यार्थ्याने पत्ता लिहिताना मधली जागा गाळली, तर यंत्र बहुधा समाधान पावते. त्याच्या लेखी विद्यार्थी एका गोळीत राहतो.

डमडमपासून थोड्याच अंतरावर, बॅरकपूर ट्रंक रस्त्यालगत बरानगर येथे, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे. १९५६ मध्ये तेथे इंग्लंडहून आणविलेला संगणक चालू झाला. भारतात बसविलेला पहिला अंकीय संगणक म्हणून त्याचा उल्लेख करण्यात येतो. याच संस्थेत पुढे विद्युतबरण चौधुरी यांनी छापील बंगाली व देवनागरी मजकूर यंत्राकडून वाचवून घेण्याचे काम केले, आणि २००१ साली बंगालीसाठी शुद्धलेखन तपासण्याची एक पद्धती मांडली. ती समजून घेण्यासारखी आहे. कारण बंगालीत चुका कशा होतात याचा विचार तिच्या मुळाशी आहे.

बंगाली लिपीत श, ष, स ही तिन्ही अक्षरे आहेत, परंतु बोलताना ती बहुतेक ठिकाणी ‘श’ सारखीच ऐकू येतात. ‘न’ आणि ‘ण’ यांत कान भेद करीत नाही. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांतही नाही. परिणामी डमडमच्या मुलास शब्द तोंडपाठ असूनही तो लिहिताना तीन वाटा समोर दिसतात. म्हणून चौधुरी यांनी सारख्या उच्चाराची अक्षरे एकाच चिन्हाखाली आणून एक वेगळी सूची रचली. लिहिलेला शब्दही तशाच चिन्हांत बदलावयाचा आणि त्या सूचीत शोधावयाचा. तो सापडला, की उच्चाराने बरोबर पण लेखनाने चुकलेला शब्द तत्काळ दुरुस्त होतो. उरलेल्या चुकांसाठी त्यांनी दुसरी युक्ती योजली. नेहमीच्या सूचीबरोबर सर्व शब्द उलटे लिहिलेली आणखी एक सूची ठेवावयाची. मराठीतील उदाहरण घेऊ. कोणी ‘महाराष्ट्र’ ऐवजी ‘महालाष्ट्र’ लिहिले. डावीकडून चालू लागल्यास ‘महाला’ पर्यंत ‘महालात’ यांसारखे शब्द सोबत करतात. त्यापुढे ‘ष्ट्र’ येताच वाट खुंटते. उलट्या सूचीच्या आधारे उजवीकडून आल्यास ‘ष्ट्र’ ठीक, त्याआधीचा आकार ठीक, परंतु ‘ल’ येताच वाट खुंटते. दोन्ही बाजूंच्या वाटा जेथे अडल्या तेथेच, म्हणजे ‘ला’ च्या परिसरात, चूक दडलेली असली पाहिजे. संपूर्ण शब्द धुंडाळण्याऐवजी तेवढाच भाग धुंडाळावा लागतो.

ही पद्धती चतुर आहे यात संशय नाही. तथापि शब्द सूचीत नसेल, तेव्हाच तिला जाग येते. आणि बंगालीत उच्चार एक व लेखन दोन असलेले, दोन्हीही अस्सल असलेले शब्द विपुल आहेत. ‘विश’ म्हणजे वीस आणि ‘विष’ म्हणजे विष. बंगाली मनुष्य दोहोंचा उच्चार ‘बिश’ असाच करतो. ‘सब’ म्हणजे सर्व, ‘शब’ म्हणजे प्रेत. दोहोंचा उच्चार ‘शब’ सारखा. ‘आशा’ म्हणजे आशा, तर ‘आसा’ म्हणजे येणे. ‘भाषा’ आणि ‘भासा’, म्हणजे तरंगणे, हेही कानास एकच. औषधाच्या बाटलीवर ‘विश’ थेंब लिहावयाचे असताना ‘विष’ लिहिले गेले, तर सूचीच्या दृष्टीने काही बिघडलेले नाही. ज्या भाषेत कान आणि लिपी यांची फारकत अधिक, त्या भाषेत निसटणाऱ्या चुकाही अधिक. इंग्रजीची अवस्था याहून बरी नाही. रॉजर मिटन यांनी इंग्लंडमधील ९२५ विद्यार्थ्यांचे हस्तलिखित निबंध तपासले, तेव्हा शुद्धलेखनाच्या एकंदर चुकांपैकी सुमारे ४० टक्के चुका अशा ‘खऱ्या शब्दांच्या’ आढळल्या. हे निष्कर्ष त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले.

मराठी वाचकांनी यावर समाधान मानू नये. आपल्याकडे श आणि स यांचा उच्चार वेगळा असला, तरी ‘दिन’ (दिवस) व ‘दीन’ (गरीब), ‘सुत’ (पुत्र) व ‘सूत’ (धागा), ‘सुर’ (देव) व ‘सूर’ (स्वर), ‘सलिल’ (पाणी) व ‘सलील’ (लीलेने) या जोड्या शाळेत घोकाव्या लागतातच. स्वातंत्र्यदिनाचा ‘स्वातंत्र्यदीन’ झाला, तर जोडशब्दांविषयी उदार असणारे यंत्र तोही निमूटपणे स्वीकारील. मात्र मराठीची खरी अडचण याहून खोल आहे. ती विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये यांत आहे. इंग्रजीत ‘घर’ या शब्दाची रूपे हाताच्या बोटांवर मोजता येतील. मराठीत घराने, घराला, घरात, घरातून, घरातला, घरातल्यांना, घरासमोरच्यांनीसुद्धा अशी रांग लागते, आणि प्रत्येक नामाची ती लागते. ही सर्व रूपे सूचीत कोण लिहीत बसणार? म्हणून मूळ शब्द एका सूचीत आणि प्रत्यय जोडण्याचे नियम दुसऱ्या सूचीत, अशी व्यवस्था करतात. हंगेरियन भाषाही आपल्याप्रमाणेच प्रत्ययांची रास रचणारी आहे. तिच्यासाठी लास्लो नेमेथ यांनी विकसित केलेली ‘हनस्पेल’ ही आज्ञावली आज मराठीसह अनेक भाषांना उपयोगी पडते.

परंतु नियम सैल असेल तर तो अस्तित्वात नसलेली रूपेही पवित्र करून घेतो. ‘माणूस’ या शब्दास प्रत्यय लागताना त्याचे ‘माणसा’ असे सामान्यरूप होते. आज्ञावली लिहिणाऱ्याने ही गोष्ट ध्यानी न घेता ‘अकारान्त पुल्लिंगी नामास आकार करून ने जोडावा’ एवढाच नियम दिला, तर ‘माणूसाने’, ‘पाऊसाने’, ‘कापूसाचा’ ही सर्व अशुद्ध रूपे तपासणीतून सुखरूप बाहेर येतात. आणि नियम फार घट्ट केला तर ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ खाली रेघ उमटते. या ओढाताणीत लिहिणारा कंटाळतो व तपासणीच बंद करून टाकतो, हा दोष यंत्राच्या वर्णनपत्रात कोठेच नमूद केलेला नसतो.

सर्वांत घातक आहे ते मराठीतील टिंब. ‘शेतकऱ्याचे कर्ज माफ करण्यात येत आहे’ आणि ‘शेतकऱ्यांचे कर्ज माफ करण्यात येत आहे’ या दोन वाक्यांत एका अनुस्वाराचा भेद आहे. पहिल्यात एका शेतकऱ्याचे कर्ज माफ होते, दुसऱ्यात अनेकांचे. दोन्ही शब्द शुद्ध, दोन्ही वाक्ये शुद्ध. सरकारी पत्रकात, न्यायालयाच्या निकालपत्रात, पतपेढीच्या ठरावात हे टिंब गळल्यास यंत्राच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. ज्याचे कर्ज उभे राहते त्याच्या दृष्टीने मात्र सर्वस्व घडलेले असते. याच शब्दातील ‘ऱ्या’ ची गंमत याच्या नेमकी उलट आहे. संगणकात प्रत्येक अक्षरास संकेतांक असतो आणि यंत्र आकृती न पाहता केवळ हे अंक पाहते. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर दोन निरनिराळ्या संकेतमालिकांनी लिहिता येते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात, परंतु सूचीत त्यांपैकी एकच असल्यास दुसरी अशुद्ध ठरते. डोळ्यांस न दिसणारी चूक यंत्रास दिसते आणि जगास दिसणारी दिसत नाही!

ग्रंथालयांतून जुनी पुस्तके संगणकावर चढविणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. तत्पूर्वी व्युत्पत्तीवरून येणारे, उच्चारात नसलेले अनुस्वार लिहीत असत. ‘नांव’ म्हणजे व्यक्तीचे नाव आणि ‘नाव’ म्हणजे होडी, हा भेद लेखनात होता. आजच्या सूचीपुढे १९५० चे पुस्तक ठेवले तर पानोपानी लाल रेघा उमटतात. त्या चुका नव्हेत. तो त्या काळचा नियम आहे. अशा पुस्तकांवर यंत्राची दुरुस्ती सरसकट स्वीकारू नये, एवढे ग्रंथपालांस सांगणे अवश्य आहे.

मग एकट्या शब्दाकडे न पाहता त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहिले तर? हा विचार शास्त्रज्ञांना सुचलाच. १९९१ मध्ये मेज, डॅमेरो आणि रॉबर्ट मर्सर यांनी लागोपाठच्या तीन-तीन शब्दांची वारंवारता मोजून चूक हुडकण्याची रीत प्रसिद्ध केली. पुष्कळ लिखाण गोळा केल्यास ‘ताप उतरला’ ही जोडी वरचेवर आढळेल, ‘बाप उतरला’ ही क्वचित. म्हणून दुसरी दिसताच संशय घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड’ या लेखन-आज्ञावलीच्या २००७ च्या आवृत्तीत अशा संदर्भदृष्ट्या चुकलेल्या शब्दांखाली निळी नागमोडी रेघ देण्यास आरंभ झाला. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. ‘सियालदहहून आलेली गाडी डमडम स्थानकात थांबली आणि मुलाचा बाप उतरला’ हे वाक्य सर्वस्वी बरोबर आहे. केवळ मागचेपुढचे एक-दोन शब्द पाहणारे यंत्र येथे बापाचा ताप करून मोकळे होईल.

अलीकडे, अफाट लिखाण वाचून शब्दांचे परस्परसंबंध शिकणाऱ्या आज्ञावली निघाल्या आहेत. त्या सबंध परिच्छेदाचा संदर्भ घेतात. गाडी व स्थानक पाहून बाप कायम ठेवतील आणि वैद्य व औषध पाहून ताप. निसटणाऱ्या चुका त्यांच्यामुळे पुष्कळच कमी झाल्या आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांचाही आधार संभवनीयता हाच. जे नेहमी लिहिले जाते त्याकडे त्यांचा कल असतो. विरळ पण खऱ्या गोष्टीस त्या नेहमीच्या साच्यात ओढू पाहतात. आणि जेथे दोन्ही शब्द सारखेच संभवनीय, तेथे त्यांच्यापाशी निर्णयाचे साधनच नाही. याचे मराठीतील उदाहरण शोधावयास लांब जावयास नको. ते म्हणीच्या रूपाने सर्वांच्या जिभेवर आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. लोकप्रसिद्ध आख्यायिका अशी, की राघोबादादांनी गारद्यांस दिलेल्या लेखी आज्ञेत ‘नारायणरावास धरावे’ असे होते आणि आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले. इतिहास-संशोधकांनी या कथेच्या सत्यतेविषयी शंका घेतली आहे; आपणांस तिचा उपयोग उदाहरणापुरताच आहे. ते पत्र आजच्या कोणत्याही तपासनीस आज्ञावलीपुढे ठेवा. ‘धरावे’ सूचीत आहे, ‘मारावे’ ही आहे. दोन्ही क्रियापदे, दोन्ही विध्यर्थी, दोहोंचे कर्म तेच. कैद करणे आणि ठार करणे, दोन्ही गोष्टी त्या काळी राजवाड्यांतून घडत होत्या. तेव्हा संदर्भही दोहोंस अनुकूल. पत्रात चूक नाहीच. चूक आहे ती पत्र आणि ते लिहिणाऱ्याचा हेतू यांच्यामध्ये, आणि हेतू यंत्राच्या हाती दिलेला नसतो. हेच शेतकऱ्यांच्या टिंबाविषयी, हेच ५० ऐवजी लिहिल्या गेलेल्या ५०० विषयी. आकड्यांबाबत तर सूचीचा प्रश्नच उद्भवत नाही. कोणताही आकडा शुद्धच असतो.

छापखान्यातील मुद्रितशोधक यावर एक साधा उपाय पूर्वीपासून करीत आले आहेत. एकजण मूळ हस्तलिखित हाती धरून मोठ्याने वाचतो, दुसरा छापील मुद्रितावर बोट ठेवून ऐकतो. येथे तपासणी सूचीशी नसते, मुळाशी असते. म्हणून ‘धरावे’ वाचले आणि ‘मारावे’ दिसले की बोट थांबते. शाळेत हा प्रयोग करण्यास काही खर्च नाही. दहा वाक्यांचा उतारा घ्यावा. त्यात कमळ-कळ, खत-खंत, ताप-बाप, शेतकऱ्याचे-शेतकऱ्यांचे अशा सहा चुका मुद्दाम पेराव्यात व दोन चुका सूचीत नसलेल्या शब्दांच्या कराव्यात. प्रथम तो संगणकाच्या तपासणीस द्यावा, मग एका विद्यार्थ्याने एकट्याने मनात वाचावा, शेवटी दोघांनी मुळाशी ताडून मोठ्याने वाचावा. प्रत्येक वेळी किती चुका हाती लागल्या ते फळ्यावर मांडावे. मनात वाचणाऱ्याच्या हातून टिंबे का सुटतात, याचीही चर्चा करावी. कारण आपला डोळाही अपेक्षित शब्द पुरवून घेतो आणि पुढे सरकतो.

मराठीसाठी मोठ्याने वाचणे बहुतांशी पुरते. डमडमच्या विद्यार्थ्यांना मात्र तेवढ्याने भागत नाही. वाचणारा ‘बिश’ म्हणाला तर ऐकणाऱ्याने वीस समजावे की विष? म्हणून बंगालीत ही अक्षरे सांगताना त्यांचे उच्चारस्थान जोडून सांगण्याची रीत आहे: तालव्य श, मूर्धन्य ष, दंत्य स. मूळ प्रत वाचणारा अशा शब्दापाशी थांबतो आणि सांगतो, ‘तालव्य श’. समोरच्याचे बोट छापील अक्षराखाली टेकते. तेथे मूर्धन्य ष असेल, तर बाटलीवरचे पत्रक छपाईस जात नाही.